ठमीचा डावा हात

८ जानेवारी

चि. भिंगरीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस, हे वाचून बरं वाटलं. रागावणारं कोणीतरी असावं. अगं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात दुसऱ्यांच्या तारा जुळवण्यात गेली. आता ती घंटा वाजली की हात आपोआप डोक्यावरचे हेडफोन चाचपायला जातात. तेव्हा तू आपली पत्रच पाठव. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतेस, संध्याकाळी दोन ओळी घडवल्यास तर बोटं झिजणार नाहीत.

इकडची मोठी बातमी म्हणजे आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात एक नवीन नग दाखल झाला आहे. घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून सगळे त्यांना घड्याळवालेच म्हणतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही आणि एक ट्रायम्फ हेराल्ड आहे. खाली निळी, वर पांढरी, आरशासारखी चकचकीत. तिचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे, मडगार्डं आणि दिव्यांसकट अख्खं तोंड पुढे उलटतं. आले त्याच दिवशी गृहस्थांनी ते उलटलं, पुढच्या चाकावर ऐसपैस बसले आणि तिथे बसून चहा प्यायले. आपल्या ठमीचं, आबांच्या या जुन्या मॉरिस मायनरचं, बॉनेट वर केलं की आत डोकं घालून चहा प्यायची सोय नाही, हे मला ऐकवलं सुद्धा.

स्वभाव असा की कारखान्यातून निघाली तशीच गाडी असली पाहिजे, एक स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे चालायचा नाही. आधीच्या गावच्या मंडळात ‘जशीच्या तशी’ची ढाल दर वर्षी यांच्याच कपाटात असायची म्हणे. ठमीभोवती एक फेरी मारून त्यांनी मला शांतपणे सांगितलं की वायपरची काडी नंतरच्या सालातली आहे. मी म्हटलं, गाडीची मालकीण आधीच्या सालातली आहे, तेव्हा बेरीज जुळते.

चहानंतर आमची प्रश्नमंजूषा असते. त्यांनी मुद्दाम मला विचारलं की मॉरिस मायनरच्या बॉनेटवर मधोमध ती सपाट पट्टी का असते. मला! आबांच्या मांडीवर बसून जिने स्टिअरिंग धरलं तिला! मी सांगितलं की गाडी जवळजवळ तयार झाल्यावर ती बनवणाऱ्याला अरुंद वाटली, म्हणून त्याने नमुन्याची गाडी उभी कापून दोन भाग केले, ते हळूहळू लांब सरकवले आणि चार इंचांवर डोळ्याला बरं वाटलं तिथे थांबला. ती पट्टी म्हणजे ते चार इंच. वर हेही जोडलं की काही माणसांनासुद्धा असं कापून चार इंच रुंद करायची सोय हवी होती. सगळे हसले. तेही हसले, पण दोन सेकंद उशिरा. घड्याळवाल्याला शोभतं का हे?

त्यांचा सगळा तोरा हेराल्ड किती कमी जागेत वळते यावर. पंचवीस फुटांत पूर्ण गोल, मागेपुढे करायचं काम नाही, विलायतेतल्या टॅक्सीसुद्धा तिच्यापुढे काही नाहीत, असं तीनदा ऐकवलं. मी म्हटलं, एवढ्या घाईने मागे फिरायचं तरी कशाला? निघालेल्या माणसाने पुढे जावं.

असो. ही सगळी गंमत मार्चपर्यंतच. वार्षिक मेळावा झाला की ठमी विकायची आणि तुमच्या मधल्या खोलीत राहायला यायचं, हे तुझ्या बाबांना मीच कबूल केलं आहे. संध्याकाळी आतून फाटकाला कडी घालताना आपल्यामागून कोणी यायचं उरलेलं नाही, हे रोज नव्याने कळतं. त्याचा कंटाळा आला आहे. तुझ्या आईने त्या खोलीला पडदे घेतले असतील तर फुलांचे नसावेत, एवढं बघ.

मायेची टाकी भरलेली ठेव.
तुझी आत्या

१९ जानेवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एवढी हसले की हातातल्या कवळीचा एक सुळा वाकडा बसला. आता कोणा आजोबांना एका बाजूने हसावं लागणार, त्याचं पाप हेराल्डवाल्यांच्या माथी.

आत्या, मला एक सांग. तुझ्या पत्रात बाबा दोन ओळी, मी तीन ओळी, ठमी चार ओळी आणि उरलेलं सगळं घड्याळवाले. माणूस एवढा नकोसा असेल तर त्याच्या गाडीचा खालचा आणि वरचा रंग कशाला गं लक्षात राहतो? मी काही म्हणत नाही. मी फक्त वाचते.

बाबांनी खोली रंगवायला काढली आहे. पडदे फुलांचे आलेच आहेत, मोठ्या फुलांचे. ठमीसाठी त्यांनी गिऱ्हाईकही शोधलं. लग्नांचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर आहे. त्याला ती नवरानवरीला बसवून फोटो काढायला हवी आणि गुलाबी रंगवायची आहे. मी बाबांना म्हटलं की ही ठमीची विटंबना आहे. बाबा म्हणाले की मायनर दहा लाखांवर गेल्या तेव्हा खुद्द कंपनीनेच काही गाड्या फिक्या जांभळ्या रंगाच्या काढल्या होत्या, मग गुलाबीने काय घोडं मारलं? आबांचाच मुलगा तो, माहिती त्यालाही तोंडपाठ. पण मला खरंच वाईट वाटलं. ठमीचा तो शेवाळी रंग मी डोळे मिटूनही बघू शकते.

बाबा तुझ्या काळजीनेच करताहेत हे तुला ठाऊक आहे. तू आलीस तर मी नाचेन. पण कंटाळून येऊ नकोस, यावंसं वाटलं तर ये. आणि पुढच्या प्रश्नमंजूषेला त्यांना विचार, कुठल्या इंग्रजी गाडीला तिकडचे लोक लाडाने आत्या म्हणायचे. उत्तर येतं का बघू.

लोभाची बॅटरी उतरू देऊ नये.
तुझीच भिंगरी

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आत्याचे भरघोस आशीर्वाद.

तू महाचावट आहेस. पुढच्या वेळी घड्याळवाल्यांबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे. पण काय करू, बातमीच त्यांची आहे.

तुझा प्रश्न विचारला. एका दमात उत्तर आलं. रोव्हर. पी-फोर नावाच्या त्या जाडजूड गाड्या. एवढ्यावर थांबावं की नाही? तर नाही. पुढे म्हणाले की त्यांना आत्या म्हणायचे कारण त्या भारदस्त, विश्वासू आणि आवाज न करणाऱ्या होत्या, मात्र सगळ्याच आत्यांना यातलं शेवटचं लागू पडत नाही. आमच्या औषधवाल्यांची रोव्हर तिथेच उभी होती. सगळे एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून हसत सुटले. मला राग यायला हवा होता. आला नाही.

खरी बातमी पुढेच आहे. ठमीचा डावा हात किती वर्षं अडकला होता, आठवतं? दाराच्या मागच्या खांबातून वळायच्या बाजूला बाहेर पडायचा तो वीतभर दिव्याचा हात, ट्रॅफिकेटर. हल्लीच्या मुलांना दाखवला तर खेळणं वाटतं. स्विच दाबला की नुसतं कुरकुरायचं, बाहेर काही यायचं नाही, आणि मी खिडकीतून माझाच हात काढून काम भागवत होते. घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं, तो हात सोडवून रुमालावर ठेवला, ब्रशाने बिजागरी साफ केली आणि घड्याळात घालायचं तेल सुईच्या टोकावर घेऊन एकच थेंब सोडला. मग मला स्विच दाबायला सांगितलं. टक्कन वर! पिवळा दिवा लागला सुद्धा! भिंगरे, या वयात मी भर रस्त्यात टाळ्या पिटल्या.

आबा कामाला निघताना तो वर करायचे ते तुझ्या लक्षात असेल. तू खिडकीच्या गजाला लटकून किंचाळायचीस. तुझ्या बाबांना सांगितलं तर हसतील म्हणून तुलाच सांगते, परवा मी रिकाम्या घराला तो हात केला आणि मग भाजी आणायला गेले.

आमचं एका बाबतीत एकमत आहे. दोघांच्याही गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. त्यांचं म्हणणं, जग चुकीचं आहे. माझंही तेच.

रविवारी तळ्यापर्यंत दोन्ही गाड्या घेऊन जायचं ठरलं आहे. मंडळाचंच ठरलं आहे. मंडळात आणखी कोणाला वेळ नाही, त्याला मी काय करू?

आपलेपणा असाच चौथ्या गिअरमध्ये पळत राहो.
तुझी आत्या

२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

बाबांना कळव की मेळाव्याची वाट बघायची गरज नाही, फोटोग्राफरने हवं तेव्हा यावं. गुलाबी काय, ठिपक्यांची रंगवली तरी माझी हरकत नाही.

काय झालं ते एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. तळ्याची सहल छान झाली, फार छान. त्यांनी थर्मासमधून चहा आणला होता आणि माझ्यासाठी बिनसाखरेचा वेगळा. कोणीतरी आपल्या चहाचं लक्षात ठेवून आणलेला चहा मी किती दिवसांनी प्यायले! परत येताना मी पुढे, ते मागे. त्या मोठ्या चौकात त्यांचं घर उजवीकडे, माझं सरळ. निरोप घ्यायचा म्हणून मी ठमीचा डावा हात वर केला. सवयीने. आणि सरळ निघाले.

त्यांना वाटलं, मी डावीकडे वळतेय. म्हणून त्यांनी हेराल्ड उजव्या अंगाने पुढे काढली, तर मी त्यांच्या शेजारीच! मला वाचवायला त्यांनी चाक फिरवलं आणि हेराल्ड थेट रोपवाटिकेच्या कुंड्यांत शिरली. माणसाला खरचटलंही नाही, पण हेराल्डच्या त्या सुंदर नाकाला पोचा आला. माळी दोघांवरही ओरडत होता आणि त्यांच्या टोपीत एक निवडुंग उभा होता.

मी हसले. तिथेच चुकलं. ते पांढरेफटक पडले होते आणि मी हसले. मंगळवारी मंडळात, सगळ्यांसमोर, ते म्हणाले की जी व्यक्ती हात एका बाजूला दाखवते आणि जाते दुसरीकडे, तिने रस्त्यावर येऊ नये. मी काय सांगणार होते? एवढ्या लोकांत ते सांगायची गोष्ट आहे का? मी पर्स उचलली आणि निघून आले. हात वर केला नाही.

तेव्हापासून ते मला नमस्कार करत नाहीत आणि मी त्यांना. खोली तयार असेल तर कळव. पडदे कसलेही चालतील.

जशी आहे तशी,
आत्या

२६ फेब्रुवारी

घड्याळवाले काका यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण गेले दोन महिने मी आपल्याबद्दल एवढं वाचलं आहे की टपालखात्याने आपल्याला मानपत्र द्यावं. मी मायनरवाल्या बाईंची भाची. हे पत्र लिहिलं हे तिला कळलं तर ती मला ठमीच्या डिकीत कोंडेल, तेव्हा वाचून झाल्यावर कुठेतरी सुरक्षित दडवावं, उदाहरणार्थ एखाद्या मोठ्या घड्याळात.

आत्याने चौकात चूक केली हे मान्य. वाहतुकीच्या नियमात बसणारं ते नव्हतंच. पण ती वळायची खूण नव्हती. माझे आजोबा, म्हणजे तिचे आबा, रोज सकाळी कामाला निघताना फाटकातून बाहेर पडले की ठमीचा डावा हात वर करायचे. वळायचं नसायचंच, समोर सरळ रस्ता. तो हात घरासाठी असायचा. घर नजरेआड होईपर्यंत तो खाली करायचा नाही, हा आमच्याकडचा कायदा. आम्ही मुलं खिडकीतून आपले हात वर करून उभी असायचो. आबा गेल्यावर गाडी आत्या चालवू लागली आणि कायदाही तिच्याकडे आला.

ती सवय म्हणते. काका, ती सवय नाही. मी जन्मापासून त्या गाडीत बसते आहे. पाहुण्यांसाठी, मैत्रिणींसाठी, तिच्या साहेबांसाठी तो हात कधी वर गेलेला मी पाहिला नाही. घरच्या माणसांशिवाय तो कोणाला केलाच नाही. आपल्यासाठी तो पहिल्यांदा वर गेला, तोही आपणच दुरुस्त केलेला.

मार्चअखेर ती इथे राहायला येणार आहे आणि ठमी गुलाबी होणार आहे. मला आत्या हवीच आहे. पण फुलांच्या पडद्यांनाही जी हो म्हणते ती माझी आत्या नव्हे.

आगाऊपणा पोटात घालावा.
आपली नम्र,
कवळ्या बनवणारी भाची

२ मार्च

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. सांगितल्याप्रमाणे भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात ठेवलं आहे. त्यामुळे ते घड्याळ मागे पडू लागलं आहे, पण हरकत नाही.

मी चौकात जे समजलो ते चुकीचं होतं. मंडळात जे बोललो ते त्याहून चुकीचं. काटे मागे घ्यायची सोय घड्याळात असते, तशी शब्द मागे घ्यायची तोंडात नसते. नुसती माफी मागितली तर आपल्या आत्याबाई एखादा टोला हाणतील, सगळे हसतील आणि मूळ गोष्ट राहून जाईल. त्यांनी ज्या भाषेत निरोप दिला त्याच भाषेत उत्तर द्यायला हवं. अडचण अशी की हेराल्डला हात नाही. तिला कारखान्यातून पहिल्यापासून लुकलुकणारेच दिवे आले. माझ्याकडे वर करायला काही नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदा खटकलं.

तीन गोष्टी कळवाव्यात. आपले आजोबा हात फाटकातून निघण्याआधी वर करत की निघाल्यावर? हात करताना हॉर्न वाजवत का? आणि नजरेआड म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

आपला,
घड्याळवाला

ता. क. निवडुंगाला नवीन कुंडीत लावलं आहे. तो बरा आहे.

२१ मार्च

चि. भिंगरीस,
गोडगोड, लबाड, आगाऊ भिंगरीस आत्याचे अगणित आशीर्वाद.

तुला डिकीत कोंडायचं नक्की केलं आहे, पण आधी ऐक.

गेल्या आठवड्यात मेळावा झाला. मी जाणारच नव्हते. मग वाटलं, ठमीला शेवटचं मिरवून आणावं. तिला पुसलं, वायपरची ती चुकीच्या सालातली काडी मुद्दाम तशीच ठेवली आणि गेले. सगळ्या गाड्या रांगेत लागल्या होत्या. औषधवाल्यांची रोव्हर भारदस्तपणे बसली होती. हेराल्ड सगळ्यात शेवटी आली. नाक ठोकून सरळ केलेलं, रंग लख्ख. आणि दाराच्या मागे, त्या गुळगुळीत पत्र्यात, एक भोक! त्यात बसवलेला काय, तर ट्रॅफिकेटर!

परीक्षक चष्मा पुसून पुसून बघत राहिले. त्यांनी विचारलं की या गाडीला हे कधीपासून. घड्याळवाले म्हणाले की गेल्या आठवड्यापासून, भंगारवाल्याकडून आणलं आणि स्वतः करवतीने पत्रा कापला. परीक्षक म्हणाले की मग ढालीचा प्रश्नच मिटला. हे म्हणाले की मिटलाच. भिंगरे, ज्या माणसाला माझी काडी सहन झाली नाही, त्याने स्वतःच्या हेराल्डला करवत लावली! कोणी म्हणालं उन्हाचा परिणाम, कोणी म्हणालं कुंड्यांचा. ढाल रोव्हरला गेली.  

मी घरी आले. गाडी आत घेतली, फाटकाला कडी घालायला आले तर समोर हेराल्ड उभी. हे खाली उतरले, टोपी काढली आणि म्हणाले की आत येत नाही, फक्त निघायला आलो आहे. निघायला कोणी येतं का? मी काही म्हणायच्या आत पुन्हा गाडीत बसले. आधी गाडी हलली, मग डावा हात वर झाला. आबांच्या क्रमाने. हॉर्न नाही, काही नाही. वळायचं नव्हतंच, सरळ रस्ता. पिवळा दिवा लागलेला.

त्यांना हे कोणी सांगितलं ते मी त्याच क्षणी ओळखलं, पण रागवायला सवड कुठे होती? मी उंबऱ्यावरच्या मुलीसारखी फाटक धरून उभी राहिले आणि माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही. आबा गेल्यापासून तो हात मी गाडीत बसूनच केला होता. खिडकीच्या बाजूने तो माझ्यासाठी वर झालेला पाहून किती वर्षं झाली! मी रडत होते आणि हसत होते आणि समोरच्या गॅलरीतली माणसं बघत होती.

हेराल्ड कोपऱ्यापर्यंत पोचली. आता नजरेआड होणार, आता हात खाली पडणार, म्हणून मी डोळे ताणून बघत होते. ती कोपऱ्यावर थांबली. हात वरच. आणि मग, त्या चिंचोळ्या रस्त्यात, मागेपुढे न करता, एका दमात पूर्ण गोल वळली आणि माझ्याकडे परत आली.

मी कडी काढून फाटक उघडलं.

तुझ्या बाबांना सांग की मधल्या खोलीत शिवणयंत्र ठेवावं, त्या फुलांच्या पडद्यांना उजेड बरा मिळेल. त्याला वाईट वाटू देऊ नकोस, त्याच्यासाठी मी वेगळं पत्र लिहिते आहे. इथे भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ आलं आहे, ते सारखं मागे पडतं, आणि घड्याळवाले ते उघडायला देत नाहीत. निवडुंग खिडकीत आहे.

आमच्यावरचा जीव नजरेआड होईपर्यंत, आणि झाल्यावरही, वर असू दे.
तुझी आत्या

ता. क. फोटोग्राफरला कळव की गाडी मिळणार नाही. मात्र पुढच्या महिन्यात कॅमेरा घेऊन जरूर यावं.